म्यूझस्कोरमध्ये कोमल-तीव्र स्वर चटकन कसे लिहायचे? काळी एकची भैरवी आणि बाकीचे घोळ

कोपरखैरण्यात हार्मोनियमचे वर्ग घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळी पहाटच्या कार्यक्रमासाठी त्या भैरवीतली एक चाल स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) उतरवताहेत. लॅपटॉपवर म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर आहे, वेगळा नंबर पॅड नाही. प्रत्येक कोमल स्वरासाठी बाजूच्या पॅलेटमधून फ्लॅटचं चिन्ह माउसने ओढून स्वरावर सोडावं लागतं, त्यात अख्खी संध्याकाळ जाते. एवढं करून व्हायोलिनवाले दादा म्हणतात, ‘पान वाचवत नाही.’ गायिकेची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा तिचा सा. यावर सोपी रीत आहे का?

आहे. पण ताई, कळ कुठली दाबायची हा तुमच्या प्रश्नाचा छोटा भाग झाला. मी ठाण्यात राहून अशाच कार्यक्रमांची पानं लिहितो, आणि तुमच्यासारखी पानं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा त्यात एकच गोष्ट दिसते: लिहिणाऱ्याने स्वर लिहिलेला नसतो, पेटीची पट्टी लिहिलेली असते. बोट ज्या काळ्या पट्टीवर पडलं ती पट्टी. सॉफ्टवेअरला मात्र स्वराचं नाव हवं असतं. सा पांढरी एक धरला तर कोमल गंधार हा ‘ग’च आहे, म्हणजे ई, आणि तो कोमल म्हणून ई फ्लॅट. तीच पट्टी डी शार्प म्हणून लिहिली की ऐकायला फरक पडत नाही, पण वाचणाऱ्याला रिषभ चढल्यासारखा दिसतो आणि गंधार गायब झालेला. दादांना पान वाचवत नाही ते यामुळेच, पैज लावतो.

आधी कळांचं सांगून टाकतो. एन दाबलं की म्यूझस्कोर स्वर लिहून घ्यायला तयार होतो. आकड्यांनी लांबी ठरते: ५ म्हणजे एक मात्रा, ४ म्हणजे अर्धी, ६ म्हणजे दोन मात्रा. हे आकडे वरच्या ओळीतले चालतात, नंबर पॅड लागत नाही. मग सरळ अक्षरं टाइप करायची. सा पांढरी एक धरला की सी सा, डी रे, ई ग, एफ म, जी प, ए ध, बी नी. चुकीच्या सप्तकात स्वर पडला तर कंट्रोल धरून वरचा किंवा खालचा बाण.

कोमल-तीव्रासाठी दोन वाटा आहेत. पहिली: स्वर टाइप करा आणि लगेच बाणाची कळ दाबा. खालचा बाण अर्धा स्वर उतरवतो, वरचा चढवतो. कोमल नी हवा असेल तर बी, मग खालचा बाण. तीव्र मध्यम हवा तर एफ, मग वरचा बाण. यातली मेख अशी की ए टाइप करून वरचा बाण मारलात तरी कानाला तोच स्वर येतो, पण पानावर ए शार्प उमटतो, म्हणजे ‘तीव्र धैवत’, जो आपल्याकडे नाहीच. तेव्हा सवय एवढीच लावायची: कोमलाला खालचा बाण, तीव्राला वरचा, आणि अक्षर नेहमी त्याच स्वराचं. रे, ग, ध, नी कधी चढत नाहीत. म कधी उतरत नाही. पेटी शिकवणाऱ्या माणसाला हे वेगळं पाठ करावं लागू नये.

दुसरी वाट: चिन्ह आधी, स्वर नंतर. उणेची कळ दाबून बी टाइप केलं की बी फ्लॅट, अधिकची कळ दाबून एफ टाइप केलं की एफ शार्प, बरोबरच्या चिन्हाची कळ दाबून अक्षर टाइप केलं की नॅचरल, म्हणजे शुद्ध. आपल्या लॅपटॉपवर अधिकसाठी शिफ्ट धरावी लागते हाच काय तो त्रास. तीव्र मध्यम वारंवार येणार असेल तर प्रेफरन्सेसमध्ये शॉर्टकट्सच्या पानावर जाऊन शार्पला एखादी रिकामी कळ देऊन टाका. मी स्वतः बाणच वापरतो, कारण स्वर ऐकू आल्यावर मन बदलतं आणि बोट तिथेच असतं.

पॅलेटमधून ओढणं हा प्रकार मात्र सोडाच. त्यात वेळ जातो ही तक्रार आहेच, पण खरी अडचण निराळी. हाताने चिकटवलेलं चिन्ह म्यूझस्कोर ‘लिहिणाऱ्याला हे दिसायलाच हवं आहे’ असं समजू शकतो आणि गरज नसली तरी छापत राहतो. बाणाने आलेलं चिन्ह गरजेपुरतं येतं. पुढे पट्टी बदलली किंवा ‘की सिग्नेचर’ (ओळीच्या सुरुवातीला एकदाच लावलेली शार्प-फ्लॅटची चिन्हं) बदलली, तर आपोआप निघून जातं किंवा बदलतं. ओढलेली चिन्हं तशीच लटकून राहू शकतात. पानभर फ्लॅटची जी पेरणी दिसते ती तिथून येते.

आता मुख्य मुद्दा, की सिग्नेचर. भैरवीला प्रत्येक कोमल स्वरावर फ्लॅट लावायची गरजच नाही. ओळीच्या सुरुवातीला चार फ्लॅटची की सिग्नेचर टाका (पॅलेटमध्ये ती ए फ्लॅट मेजर या नावाने दिसेल, नावाकडे लक्ष देऊ नका). ते चार फ्लॅट बी, ई, ए, डी यांवर येतात, म्हणजे नी, ग, ध, रे. चारही कोमल. आता नुसतं सी डी ई एफ टाइप करा, पानावर सा रे॒ ग॒ म (खाली रेघ म्हणजे कोमल) उमटतं, एकही जास्तीची कळ न दाबता. तुमची संध्याकाळ इथे वाचते. आणि जिथे की सिग्नेचरनेच स्वर कोमल झालेला आहे तिथे पुन्हा उणे दाबू नका, नको असलेलं चिन्ह छापलं जाईल.

भैरवी फक्त चार कोमलांवर थोडीच थांबते म्हणा. मध्येच शुद्ध रिषभ डोकावतो, कुणी तीव्र मध्यमाला हात लावून येतो. तिथे तेवढ्यापुरतं बरोबरचं चिन्ह आणि डी, किंवा एफ आणि वरचा बाण. पानावर तेवढीच एक-दोन चिन्हं राहतात आणि वाजवणाऱ्याला बरोबर कळतं की इथे काही वेगळं आहे.

हीच रीत बाकीच्या थाटांना (रागांच्या मूळ स्वरसंचांना) लावून बघा. पं. भातखंड्यांनी (१८६०–१९३६) राग दहा थाटांत बसवले, त्यातले सहा पाश्चात्त्य की सिग्नेचरमध्ये चपखल बसतात. सा पांढरी एक धरून: कल्याणाला एक शार्प, बिलावलाला काही नाही, खमाजाला एक फ्लॅट, काफीला दोन, आसावरीला तीन, भैरवीला चार. यमनची चाल एक शार्प लावून लिहिली की एफ टाइप केल्यावर आपोआप तीव्र मध्यम. उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, कुठल्याच ठरीव की सिग्नेचरमध्ये बसत नाहीत. भैरवात डी आणि ए कोमल, पण ई आणि बी शुद्ध. फ्लॅटचा क्रम बी, ई, ए, डी असा ठरलेला, त्यामुळे पहिले दोन सोडून पुढचे दोन घेता येत नाहीत. मारव्यात फ्लॅट आणि शार्प एकत्र. पूर्वी आणि तोडीतही तसंच.

म्यूझस्कोरमध्ये स्वतःची की सिग्नेचर बनवायची सोय आहे आणि डी फ्लॅट-ए फ्लॅट अशी भैरवाची सिग्नेचर बनवण्याचा मोह होतो. घरच्यासाठी, विद्यार्थ्यांसाठी बनवा. पण साउंडचेकच्या अर्धा तास आधी ज्याच्या हातात पान पडणार आहे अशा व्हायोलिनवाल्याला किंवा कीबोर्डवाल्याला ती देऊ नका. त्यांची नजर ओळीच्या सुरुवातीला चिन्हं वाचत नाही, चिन्हांची संख्या वाचते. दोन फ्लॅट दिसले की हात बी आणि ई कोमल वाजवणार, तुम्ही काहीही छापलेलं असो. भैरवाला की सिग्नेचर रिकामी ठेवा आणि डी, ए ला प्रत्येक वेळी खालचा बाण मारा. दोनच स्वर आहेत, सवय होते.

आता काळी एक. इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर.

काळी एकवर सा म्हणजे सी शार्प किंवा डी फ्लॅट. पट्टी एकच, नावं दोन, आणि लिहिताना कुठलं घ्यायचं ते रागावर ठरतं. हिशोब सोपा आहे: शार्प अधिक, फ्लॅट उणे धरा. पांढरी एक म्हणजे शून्य. पांढरी दोन अधिक २, पांढरी तीन अधिक ४, पांढरी चार उणे १, पांढरी पाच अधिक १, पांढरी सहा अधिक ३, पांढरी सात अधिक ५. काळ्यांना दोन-दोन आकडे: काळी एक उणे ५ (डी फ्लॅट) किंवा अधिक ७ (सी शार्प), काळी दोन उणे ३ किंवा अधिक ९, काळी तीन उणे ६ किंवा अधिक ६, काळी चार उणे ४ किंवा अधिक ८, काळी पाच उणे २ किंवा अधिक १०. यात थाटाचा आकडा मिळवा: कल्याण अधिक १, बिलावल ०, खमाज उणे १, काफी उणे २, आसावरी उणे ३, भैरवी उणे ४. बेरीज शून्याच्या जितकी जवळ तितकं पान सोपं. सातच्या पलीकडे गेली तर तशी की सिग्नेचर छापतच नाहीत.

तुमची भैरवी काळी एकवर आहे. डी फ्लॅट धरलं तर उणे ५ आणि उणे ४, बेरीज उणे ९, अशक्य. सी शार्प धरलं तर अधिक ७ उणे ४, म्हणजे ३ शार्प. तीन शार्पची साधी, सरळ की सिग्नेचर! कोमल रे म्हणजे नुसता डी, कोमल ग नुसता ई, कोमल ध नुसता ए, कोमल नी नुसता बी. ‘कोमल म्हणजे फ्लॅट’ असं घोकून बसलेल्याला हे विचित्र वाटेल, पण सी शार्पच्या घरात शुद्ध रिषभच डी शार्प असतो, त्याचा कोमल म्हणजे साधा डी. व्हायोलिनवाल्यांना शार्प तसेही फ्लॅटपेक्षा हाताला सोपे जातात. दादा खूश होतील.

त्याच काळी एकवर यमन असेल तर उलट: डी फ्लॅट, उणे ५ अधिक १, म्हणजे ४ फ्लॅट. सी शार्प घेतलं असतं तर ८ शार्प झाले असते. एकच गायिका, एकच पट्टी, आणि कार्यक्रमात यमनाच्या पानावर फ्लॅट, भैरवीच्या पानावर शार्प. गोंधळ वाटतो, पण बरोबर तेच आहे. काळी चारच्या भैरवीलाही जी शार्प घ्यायचं, ४ शार्प येतात. ए फ्लॅट घेतलं तर उणे ८, पानच उभं राहणार नाही. पांढरी दोनवरची काफी तर बेरजेत शून्य येते, कुठलंच चिन्ह नाही.

हे डोक्यात ठेवून प्रत्यक्ष काळी एकवर टाइप करत बसा असं मी म्हणणार नाही. सी शार्प म्हणजे सा, डी म्हणजे कोमल रे असं मनात भाषांतर करत लिहिलं की वेगही जातो आणि चुकाही होतात. तुम्ही सगळी चाल पांढरी एकवर लिहा, सी म्हणजे सा, चार फ्लॅट लावून. पूर्ण झाली, ऐकून तपासली, की सगळं सिलेक्ट करून टूल्समध्ये ट्रान्सपोज उघडा. तिथे ‘टू की’मध्ये तीन शार्पवाली की, म्हणजे ए मेजर, निवडा आणि दिशा वरची ठेवा. ए फ्लॅटवरून ए, म्हणजे अर्धा स्वर वर, म्हणजेच पांढरी एकवरून काळी एक. की सिग्नेचरसकट सगळं हलतं आणि नावंही बरोबर बसतात. ऐन वेळी गायिका म्हणाली, ‘आज आवाज बसलाय, पांढरी सात करा,’ तर मूळ फाइल तशीच ठेवलेली असू द्या. तीवरून पुन्हा ट्रान्सपोज करा. ट्रान्सपोज केलेल्या पानावरून परत ट्रान्सपोज करत गेलं की कुठेतरी डबल फ्लॅट निघतोच.

हातात तयार असलेलं पान कसं सुधारायचं? ते टाकू नका, पण क्रम पाळा. आधी पहिला बार (दोन उभ्या रेघांमधला भाग) सिलेक्ट करून चार फ्लॅटची की सिग्नेचर द्या. म्यूझस्कोर स्वरांची उंची बदलत नाही, फक्त चिन्हांचा हिशोब नव्याने मांडतो, त्यामुळे बरीच चिन्हं आपोआप नाहीशी होतील. मग डी शार्प, ए शार्प असे चुकीच्या नावाचे स्वर शोधा आणि प्रत्येकावर जे दाबा. जे ही कळ स्वराचं नाव बदलते, आवाज नाही: डी शार्पचा ई फ्लॅट होतो. एकदा दाबून भलतंच नाव आलं तर पुन्हा दाबा, ती फिरत राहते. हे झाल्यावरच, ओढून लावलेले जास्तीचे फ्लॅट पुसा. क्रम उलटा केलात तर फजिती: चिन्ह पुसलं की तो स्वर की सिग्नेचर म्हणेल तसा होतो, म्हणजे डी शार्पवरचा शार्प पुसलात तर तिथे डी फ्लॅट उरेल, कोमल गंधाराच्या जागी कोमल रिषभ. टूल्समध्ये ‘रीस्पेल पिचेस’ असा एका फटक्यात नावं सुधारणारा पर्यायही आहे. की सिग्नेचर बरोबर लावलेली असेल तर तो बरंच काम करतो, तरी डोळ्याखालून घालाच.

छोटा कीबोर्ड लॅपटॉपला जोडून वाजवत लिहिलं तर सोपं पडेल का, असंही तुम्ही पुढे विचाराल. पेटीवर हात बसलेला असल्याने मोह होणारच. पण मिडीला (कीबोर्ड संगणकाशी ज्या भाषेत बोलतो तिला) स्वराचं नाव माहीत नसतं, फक्त क्रमांक माहीत असतो. मधला सी म्हणजे ६०, त्याच्या वरची काळी पट्टी म्हणजे ६१, मग ती सी शार्प असो की डी फ्लॅट. नाव कुठलं लिहायचं ते सॉफ्टवेअर की सिग्नेचर बघून अंदाजाने ठरवतं. म्हणजे परत तिथेच आलो: की सिग्नेचर आधी बरोबर टाका, मग हवं तसं लिहा. माझं मत विचाराल तर अक्षरं टाइप करणं शिकायला एखादा आठवडा जातो आणि नंतर ते वाजवून लिहिण्यापेक्षा भरभर होतं, शिवाय नावं चुकत नाहीत.

आता दोन्ही निषादांचे राग. खमाजातली साधी जागा घ्या: नि सां नि॒ ध प. आरोहात शुद्ध नी, अवरोहात कोमल. एक फ्लॅटची की सिग्नेचर आहे, म्हणजे बी आपोआप कोमल. पहिल्या शुद्ध नीसाठी बरोबरची कळ आणि बी. मग सी. आता कोमल नीसाठी नुसतं बी टाइप केलंत तर शुद्धच येईल, कारण बारमध्ये एकदा आलेलं चिन्ह त्या बारच्या शेवटपर्यंत त्या सप्तकातल्या त्या स्वराला लागू राहतं, आणि म्यूझस्कोर तो नियम टाइप करतानाही पाळतो. म्हणून उणे आणि बी. मग ए, जी. पानावर नॅचरल आणि मागोमाग फ्लॅट दिसेल, आणि तसंच दिसायला हवं. बार संपला की चिन्ह संपतं, पुढच्या बारमध्ये पुन्हा की सिग्नेचरचं राज्य. वाजवणाऱ्याला मात्र मागच्या बारचा शुद्ध नी कानात असतो, म्हणून पुढच्या बारच्या पहिल्या कोमल नीवर आठवणीसाठी फ्लॅट द्या. पॅलेटमधून ओढलेलं चिन्ह कामाला येतं ती ही जागा. गरज नसताना मुद्दाम छापून हवं असतं तिथे.

यावरूनच एक सूचना: आवर्तन म्हणजे बार असं धरू नका. तीनतालाच्या सोळा मात्रांचा एकच बार केला तर दुसऱ्या मात्रेवरचं चिन्ह सोळाव्या मात्रेपर्यंत लागू राहतं आणि तिथवर कुणाच्या ध्यानात राहत नाही. विभागाप्रमाणे चार-चार मात्रांचे बार करा. केरव्याला चार मात्रांचा बार, त्यात अर्ध्या मात्रांचे आठ स्वर. दादरा सहाचा, रूपक सातचा, तेवढे एका नजरेत मावतात.

कार्यक्रमात क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन असेल तर एवढं बघा. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या पानाला आपल्या बेरजेत २ शार्प आणखी मिळवावे लागतात, आल्टो सॅक्सला ३. काळी तीनवर बिलावल अंगाची चाल असेल तर एफ शार्प घेतल्यास क्लॅरिनेटवाल्याला ८ शार्प पडतात. जी फ्लॅट घ्या, त्याला ४ फ्लॅट येतात आणि तो तुम्हाला शिव्या घालणार नाही. म्यूझस्कोरमध्ये ‘कॉन्सर्ट पिच’ची (प्रत्यक्ष ऐकू येणारे स्वर दाखवण्याची) खूण चालू ठेवून सगळं लिहा, छापायच्या आधी ती बंद करा.

लॅपटॉपच्या भाषेचा एक घोळ खास आपल्याकडचा. कंट्रोल एल दाबून चालीखाली मराठी शब्द टाइप केले, भाषा मराठीच राहिली, आणि परत स्वर लिहायला गेलात की एन दाबून काहीच होत नाही. होत नाही कारण इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत त्या कळेवर ल आहे, सीवर म आहे, आणि बरोबरच्या कळेवर ृ. सॉफ्टवेअर बिघडलंय असं समजून लोक ते काढून पुन्हा टाकतात. विंडोजची कळ धरून स्पेस दाबा, इंग्रजी करा, झालं. शब्द टाकायचे ते सगळे स्वर लिहून झाल्यावर एकदम टाका, म्हणजे ही ये-जा वाचते.

दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का? नको. म्यूझस्कोर फुकट आहे, तुमच्या कामाला पुरून उरतं. त्याच नावाची पैसे मागणारी वेबसाइट वेगळी आणि संगणकावर चालणारं म्यूझस्कोर स्टुडिओ वेगळं, तेवढं ध्यानात ठेवा. कुणी तुम्हाला सिबेलियसची फाइल दिली तर तिथे नंबर पॅडवर ७ नॅचरल, ८ शार्प, ९ फ्लॅट. नंबर पॅड नसलेल्या लॅपटॉपसाठी शॉर्टकटचा वेगळा संच निवडता येतो. डोरिकोत बरोबरची कळ म्हणजे शार्प, उणे म्हणजे फ्लॅट आणि शून्य म्हणजे नॅचरल. म्यूझस्कोरमध्ये बरोबरची कळ नॅचरलची, त्यामुळे दोन्ही वापरणाऱ्यांची बोटं हमखास फसतात. फिनाले कुणी सुचवलं तर त्याचा विकास ऑगस्ट २०२४ मध्येच थांबवला गेला आहे, नव्याने शिकण्यात अर्थ नाही. लिलिपॉण्डमध्ये तर की सिग्नेचर लावली तरी प्रत्येक शार्प-फ्लॅट अक्षरांनी लिहावाच लागतो, नाहीतर शुद्ध स्वर छापला जातो. शिस्तीसाठी उत्तम, घाईच्या कामाला नाही.

दरबारीचा आंदोलित गंधार, तोडीचा अतिकोमल गंधार वगैरे लिहायला पाव स्वराची चिन्हं शोधत बसू नका. पॅलेटमध्ये ती आहेत, पण आपल्या श्रुती त्या मापात बसत नाहीत आणि वाचणारा गोंधळतो. साधा कोमल ग लिहा, वर ‘आंदोलन’ असा शब्द टाका, आणि तालमीत गाऊन दाखवा.

राहिला तुमच्या विद्यार्थ्यांचा भाग. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुलं स्टाफ नोटेशन वाचत नाहीत, त्यांना देवनागरी सरगम लागते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोमल-तीव्र कसे दाखवायचे हा नेहमीचा प्रश्न. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. या दोन्ही रेघा युनिकोडमध्ये आयत्या मिळतात, कारण वेदपाठाच्या स्वरांसाठी त्या देवनागरीत घातलेल्या आहेत. खालची आडवी रेघ ०९५२, वरची उभी रेघ ०९५१. वर्डमध्ये रे टाइप करा, लगेच इंग्रजी आकड्यांत ०९५२ टाइप करा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा: रे॒. तसंच ग॒, ध॒, नि॒, आणि ०९५१ वापरून म॑. मात्रा आधी, रेघ नंतर, हा क्रम महत्त्वाचा. काही लोक अधोरेखित करतात, पण ते नुसतं दिसण्यापुरतं असतं. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की निघून जातं. युनिकोडची रेघ अक्षराला धरून राहते.

फोनवर हे आकडे टाइप करता येत नाहीत, म्हणून पाचही स्वर एकदा स्वतःलाच पाठवून ठेवा किंवा कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घाला: र१ टाइप केलं की रे॒ यावं, अशी सोय होते. तार सप्तकासाठी सां आणि मंद्रासाठी खाली नुक्ता देऊन ऩि लिहिण्याची पद्धत आता रुळलेली आहे. वर्डमध्ये नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट घ्या, जुन्या काही मराठी फॉन्टमध्ये या रेघांऐवजी चौकोन दिसतात. आणि मुलांना वर्डची फाइल पाठवू नका, पीडीएफ करून पाठवा. समोरच्या फोनमध्ये फॉन्ट बरोबर नसला की रेघा गळतात आणि घरी बसून पोर तुमची भैरवी बिलावलात घोटतं.